गोडसे भटजींच्या संगतीत

वाचनप्रिय मंडळींत परस्परांस पुस्तके सुचविण्याचा परिपाठ असतो. परंतु सुचविणाराने आपले मत कसे बनले हेही सांगावे. म्हणजे ऐकणारास त्याचे मोल करता येते. म्हणून या महिन्यात मी एकाच ग्रंथाची शिफारस करतो, आणि तिच्याबरोबर स्वतःचा एक दोषही कबूल करतो. ग्रंथ म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'.

कोकणातील वरसईचे हे भिक्षुक. घरावर ऋण झालेले. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, एवढ्याच आशेने १८५७ साली ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि नेमके उठावाच्या वणव्यात सापडले. १८५८ साली इंग्रजी फौजेने झाशी घेतली तेव्हा ते शहरातच होते. कत्तल, लूट, ग्रंथसंग्रहाची नासधूस, सारे त्यांच्या डोळ्यांसमोर घडले. मिळविलेले द्रव्य एकदा सोडून अनेकदा लुटले गेले. अखेर गंगेची कावड तेवढी घरी पोचली. त्या उदकाने आईबापांस स्नान घालता आले, हीच काय ती प्राप्ती.

भटजी ग्रंथकार नव्हते. ओटीवर बसून घरच्या माणसांस सांगावे तसे ते सांगतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्यांस झाशीची राणी भेटते: धुळीने माखलेली, तहानेने व्याकुळ, आणि तरीही विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढू नये म्हणून स्वतःच पुढे होणारी. असे दर्शन मला कोणत्याही पोवाड्यात घडलेले नाही.

चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून भटजींनी पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी हे लिहिले. वैद्यांनी १९०७ साली ते छापले, पण भाषा फिरवून व काही मजकूर गाळून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली काढली. परकीय अमदानीत वैद्यांनी सावधगिरी बाळगली, तर त्यांस दोष देववत नाही. मी मात्र स्वतंत्र देशात शिकवीत असून तेच केले. वर्गात विहिरीचा प्रसंग दरसाल वाचून दाखवी. भटजी भयाने दडून बसले ती पाने वगळी. मुलांपुढे भित्रेपणाचा धडा नको, अशी माझी समजूत.

गेल्या चातुर्मासात घरी रात्री हेच वाचन चालले होते. पुतण्याची कन्या माझ्या खांद्यावरून पुस्तकात पाहत होती. ती म्हणाली, "आजोबा, मधली पाने का उलटलीत?"

"तुम्हा मुलांस कंटाळा येईल म्हणून," मी म्हणालो. ते खरे नव्हते.

तिने पुस्तक घेतले आणि ती पाने स्वतः वाचली. माजघरात कोणी हालले नाही. शेवटी आमच्या वहिनी म्हणाल्या, "भ्याला बिचारा, पण भ्यालो म्हणून लिहिलेन् तरी. आपल्यापैकी कोण लिहील?"

चाळीस वर्षे मुलांस निबंध लिहावयास शिकविणाऱ्या मला यावर उत्तर सुचले नाही. ज्याने आपले भय लपविले नाही, त्यानेच राणीचे धैर्य सांगितले आहे; पहिले गाळले की दुसऱ्याची साक्षच दुबळी होते. हे मला विद्यार्थ्यांस सांगावयाचे राहून गेले.

तरी वाचकहो, मिळवाल तर पोतदारांची प्रत मिळवा. पहिली दहा-पंधरा पाने जुन्या भाषेमुळे अडखळाल. तेथे एकाने मोठ्याने वाचावे व वडील मंडळींनी शब्द उलगडावे. पुढे भटजी स्वतःच ओढून नेतात. ते संपल्यावर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा उघडा. ती अनेकांच्या घरी असतीलच. स्वतःची फजिती सांगण्याचे तेच धैर्य तेथेही आढळेल. आणि वाचणाराने माझ्यासारखी पाने मात्र उलटू नयेत.