पदकामागचं गहाणखत

सत्काराच्या व्यासपीठावर वक्ते 'त्याग' आणि 'चिकाटी' हे दोन शब्द एका दमात उच्चारतात, जणू दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर जमा आहेत. खाशाबा जाधवांच्या बाबतीत तरी ही खाती वेगवेगळी होती.

चिकाटी खाशाबांचीच. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान मातीत वाढलेला. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने तो लंडन ऑलिंपिकला गेला. तिथे कुस्ती गादीवर, नियमही परके. तरीही फ्लायवेट गटात सहावा आला. सहावा नंबर घेऊन परतलेला हा गडी पुढची चार वर्षं पुन्हा जोर-बैठका काढत राहिला.

१९५२ साली हेलसिंकीला जायचं, तर अंगातली रग पुरेशी नव्हती. प्रवासखर्चासाठी खाशाबांना दारोदार वर्गणी मागावी लागली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गुलाल धुऊन झाला आणि हा ऑलिंपिकवीर पुन्हा फडात उतरला. कुस्त्या मारून पैसे मिळवले, सरांचं घर सोडवलं.

ही हकिकत आपण फार लाडाने सांगतो. पण प्राचार्याला घर गहाण टाकावं लागलं, यात अभिमान कसला? तो भार सरकारी तिजोरीचा होता. ज्याने तो उचलला त्याला त्यागमूर्ती म्हणायचं आणि ज्यांनी टाळला त्यांना हार घालायला बोलवायचं, ही आपली जुनी रीत.

देशाला पुढचं वैयक्तिक पदक मिळालं ते थेट १९९६ साली, लिअँडर पेसचं. महाराष्ट्राला तर २०२४ पर्यंत थांबावं लागलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने पॅरिसमध्ये रायफल नेमबाजीत कांस्य मिळवलं, तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. दर महिन्याच्या पगाराचं नाव भाषणात कुणी घेत नाही; चिकाटीला तगवतो मात्र तोच.

खाशाबा पोलीस खात्यात गेले, १९८४ साली अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. गोळेश्वरला त्यांच्या नावाने होणारी कुस्ती अकादमी मात्र रखडली, इतकी की २०१७ साली त्यांच्या कुटुंबीयांनी हेलसिंकीचं ते पदकच लिलावात काढायची तयारी जाहीर केली.