पाट्या नुसत्या वाचू नका, बघा

सुलेखन शिकायचं म्हटलं की हल्ली पहिला हात मोबाईलकडे जातो. दोन-चार व्हिडिओ बघायचे, तयार नमुन्यांतला एखादा आवडला की तो उतरवून काढायचा. हात बसतो, नाही असं नाही. पण ते वळण तसं का आलं हे उतरवणाऱ्याला ठाऊक नसतं. मग नमुन्यात नसलेलं एखादं जोडाक्षर समोर आलं की गाडी अडते. त्यापेक्षा वसई तालुक्यातल्या नायगाव-जूचंद्रच्या मंडळींनी मोबाईल खिशात ठेवावा आणि आपल्याच गावातून एक चक्कर मारावी. दिसेल त्या अक्षरापाशी थांबून एकच प्रश्न विचारावा: हे कशानं काढलंय?

सुरुवात रांगोळीपासून करा. जूचंद्र हे रांगोळीकारांचं गाव. दिवाळीतल्या प्रदर्शनांना लांबून माणसं येतात, हुबेहूब चेहरे बघतात, डोळ्यांतलं पाणीसुद्धा रांगोळीचं आहे म्हणून तोंडात बोट घालतात. चित्राखाली लिहिलेल्या नावाकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. दारातल्या ‘शुभ दीपावली’ची तीच गत. तुम्ही वाकून बघा. चिमटीतून सुटणाऱ्या रेघेची जाडी हाताच्या वेगावर ठरते. हात रेंगाळला की रेघ फुगते, झरकन ओढला की बारीक होते. वळणावर हात आपसूक मंदावतो, म्हणून साध्या घरगुती रांगोळीतलं अक्षर पोटाशी भरदार आणि दांडीला सडपातळ दिसतं. रेघ संपवताना चिमूट उचलली जाते तिथे कणांची विरळ शेपटी राहते. सराईत हात ती पुसत नाही, तिचा उपयोग करून घेतो.

आता हेच बोरूनं करून बघा. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं. तिथे रेघेची जाडी ठरते ती टोकाचा काप कुठल्या दिशेला आहे आणि रेघ कुठल्या दिशेला चालली आहे यावर. हात हळू चालवा नाहीतर जोरात. इंग्रजी अक्षरांच्या कटनिबचा काप नेमका उलटा, म्हणून तिनं मराठी लिहायला बसलं की जाड-बारीक भलत्याच जागी पडतं आणि आपण विनाकारण आपल्या हाताला नावं ठेवतो. ब्रशात पुन्हा तिसराच हिशेब, तो दाबाचा. ही तीन गणितं एकदा हाताला कळली, की भिंतीवरचं कुठलंही अक्षर बघून ते कशानं आलं हे तुम्हाला सांगता येईल. मग नमुन्यांच्या वहीची गरज राहत नाही.

सरावाला लांबचा शब्द कशाला हवा? ‘जूचंद्र’च घ्या. दिसायला तीन अक्षरं, पण पेंटरला घाम फोडणारी. ‘जू’चा ऊकार खाली लोंबतो, ‘द्र’ची तिरकी रेघही खालीच उतरते, ‘चं’वरचा अनुस्वार शिरोरेघेच्या वर जागा मागतो. पाटी अरुंद असली की काय होतं बघा. कुणी ऊकार आखडून ‘ज’च्या पोटाखाली दडवतो, कुणी त्याची शेपटी लांबवून ‘चं’च्या खालून नेतो, कुणी सगळा शब्दच बारीक काढून मोकळा होतो. दुकान, टेम्पो, मंडळाचा फलक, शाळेची भिंत अशा जिथे जिथे गावाचं नाव हातानं रंगवलेलं दिसेल, तिथे वहीत ते पेन्सिलीनं टिपून घ्या. फोटोही काढा, पण आधी पेन्सिल. फोटो काढला की डोळा आळशी होतो, असं माझं मत आहे. आणि कुणाच्या दारातली पाटी किंवा रांगोळी टिपायची तर घरच्यांना विचारून. लोक कौतुकानं सांगतात, वर चहाही मिळतो.

आणखी थोडं लांब जायची तयारी असेल तर वसईच्या किल्ल्यात जा. चर्चच्या पडक्या भिंतींच्या आत जमिनीत बसवलेल्या पोर्तुगीज थडग्यांच्या शिळा आहेत. त्यावरची रोमन अक्षरं दगडाच्या मापात बसवायला जोडलेली, आखडलेली. अडचण तीच, आपल्या अरुंद पाटीची. वसई रोडच्या पुढचं स्टेशन नालासोपारा, म्हणजे जुनं सोपारा. तिथे 1882 साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. ब्राह्मीतली ती अक्षरं छिन्नीची: रेघ सगळीकडे जवळपास सारखी आणि डोक्यावर शिरोरेघ नाही. आपल्या अक्षरांना डोक्यावरची रेघ पुढच्या अनेक शतकांत, लिहिणाऱ्यांच्या हातून हळूहळू आली. तो तुकडा आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे; तिथे जाऊन बघावा असा हा धडा आहे.

अक्षरकलेतल्या मोठ्या माणसांनीही वळणाचा असाच विचार केला. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी जी शीर्षकं रेखाटली, त्यात अक्षराच्या वळणावरूनच नाटकाचा बाज कळायचा. पौराणिक नाटकाला एक ढब, फार्साला दुसरी. आपल्या संगणकावर दिसणारा ‘मंगल’ हा फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी स्वतः हाती बोरू धरणारे सुलेखनकार होते.

आता थोडं दुकानदारांशी. 2022च्या कायदादुरुस्तीनं राज्यातल्या सगळ्याच दुकानांवर मराठी पाटी सक्तीची झाली, तीही देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत. पुढे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2023मध्ये पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या बदलल्या, चांगलं झालं. पण बहुतेकांनी फ्लेक्सवाल्याकडे जाऊन त्याच्याकडे असतील त्या चार-पाच फॉन्टांतला एक उचलला. त्यामुळे मेडिकल, स्वीट मार्ट आणि सलून यांच्या पाट्या आता सख्ख्या भावंडांसारख्या दिसतात. त्यातही कुठे हिंदीतला दंडाचा ‘ल’ येऊन बसलाय, मराठीतला पाकळीचा ‘ल’ बाजूलाच राहिलाय. कायद्यानं भाषा सांगितली, वळण सांगितलं नाही. ते तुमच्या हातात आहे.

तेव्हा पुढची पाटी करायची वेळ आली की फ्लेक्सच्या आधी एखाद्या पेंटरकडे जाऊन या. पेंटर माहीत नसेल तर आवडलेल्या हाताच्या पाटीचा उजवा खालचा कोपरा बघा; बहुतेकदा तिथे बारीक अक्षरांत ‘अमुक आर्ट्स’ लिहिलेलं असतं. जाताना पाटीची लांबी-रुंदी मोजून न्या आणि ती किती लांबून वाचली जाणार आहे ते सांगा. मजकूर कागदावर ऱ्हस्व-दीर्घ तपासून द्या, कारण पेंटर देईल तसं लिहितो. अक्षर कसं हवं हे शब्दांत सांगता येत नसेल, तर वहीत टिपलेली दोन-तीन पानं दाखवा. आणि घाई करू नका. ऑइल पेंटचा पहिला हात नीट वाळू द्यावा लागतो, पावसाळ्यात तर जास्तच.