‘औषध’ म्हणतो, पण घरात विष येते

शेतात आपण त्याला औषध म्हणतो. कृषी केंद्रातून औषध आणले, पाण्यात औषध कालवले, कपाशीवर औषध मारले. पिकासाठी ते औषध असेलही, पण पंप पाठीवर घेणाऱ्या माणसासाठी ते विष आहे. हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की, अब्बा फवारणीवरून आले की लेकरू धावत जाऊन त्यांना मिठी मारते आणि आपण काहीच बोलत नाही.

२०१७ चा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती. फवारा मजुरांच्या तोंडावर, छातीवर येत होता. २० हून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. फवारणीतली अनेक कीटकनाशके आपल्या मज्जातंतूंतील एका आवश्यक विकराला निकामी करतात. मज्जातंतूने स्नायूला दिलेला निरोप मग थांबतच नाही. घाम फुटतो, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, अंधुक दिसते, धाप लागते.

पण आज आम्हाला बोलायचे आहे ते ज्यांना त्या दिवशी काहीच झाले नाही त्यांच्याविषयी. थोडे डोके दुखले, रात्री झोप लागली, सकाळी पुन्हा पंप पाठीवर. असे दहा-वीस हंगाम गेले, तर शरीरावर त्याची काही खूण राहते का?

शास्त्रज्ञ ही खूण जनुकांवर शोधत आहेत. जनुके म्हणजे शरीर चालवण्याच्या सूचनांची वही. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत वही एकच असते, पण प्रत्येक पेशी आपल्या कामाचीच पाने उघडते. कोणते पान उघडे ठेवायचे आणि कोणते मिटायचे, हे ठरवणाऱ्या काही रासायनिक खुणा असतात. त्यांपैकी एक आहे मिथाइल, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढाच छोटा तुकडा. पानाला चिमटा लावावा तसा तो जनुकाला चिकटतो. वहीतले एक अक्षरही बदलत नाही, पण चिमटे इकडचे तिकडे झाले की नको ते पान उघडू शकते आणि हवे ते मिटू शकते.

अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत १९९३ पासून शेतकरी आणि त्यांच्या घरच्यांचा मोठा अभ्यास सुरू आहे. सुमारे ८९ हजार माणसे त्यात आहेत. त्यांतील हजाराहून अधिक शेतकऱ्यांचे रक्त तपासून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ठरावीक कीटकनाशके आणि तणनाशके वापरणाऱ्यांच्या जनुकांवर या खुणा वेगळ्या आढळल्या. नेदरलँड्समधील अभ्यासातही कामाच्या ठिकाणी कीटकनाशकांशी संबंध आलेल्यांमध्ये असे फरक दिसले. मात्र संबंध दिसला म्हणजे आजार होणारच, असे नाही. कोणत्या खुणेमुळे कोणता आजार होतो, हे अजून पक्के ठरायचे आहे.

एक गैरसमज इथेच दूर करू. ‘जनुक’ शब्द ऐकला की लोकांना खानदानी दोष आठवतो आणि रिश्ता जमवताना कुजबुज सुरू होते. तसे काही समजू नये. या खुणा काम करणाऱ्या माणसाच्या रक्तात सापडल्या आहेत. त्यावरून त्याच्या मुलाबाळांत दोष उतरतो, असे सिद्ध होत नाही. शिवाय अशा सगळ्याच खुणा कायमच्या नसतात. विडी-सिगारेटमुळे जनुकांवर पडलेल्या खुणांपैकी बऱ्याच खुणा धूम्रपान सोडल्यावर काही वर्षांत पुसट होतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणून ‘आता काय, व्हायचे ते झाले’ असे म्हणून बसू नये.

काळजी खरी घ्यायची आहे ती घरातल्यांची. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. गरोदरपणात ज्या मातांच्या लघवीत कीटकनाशकाचे अंश सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी सर्वांत कमी अंश असलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी आढळला. कपड्यांवरून, चपलांवरून, धुळीवरून हे विष घरात येते. आणि ते कपडे धुते कोण? आपली अम्मी, आपली भाभी. अनेकदा उघड्या हातांनी आणि लेकरांच्या कपड्यांसोबत.

तेव्हा एवढे करा. फवारणीचे कपडे वेगळे ठेवा. घरी आल्यावर आधी ते बाहेर काढा, साबणाने अंघोळ करा, मग लेकराला जवळ घ्या. ते कपडे हातमोजे घालून वेगळ्या बादलीत धुवा. गरोदर बाईला ना ते धुवायला द्या, ना फवारणीचे पाणी कालवायला. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका. हात न धुता विडी, तंबाखू, भाकरी काहीही तोंडात घालू नका. रिकाम्या बाटलीत पाणी किंवा तेल भरू नका. डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. चक्कर, घाम, धाप दिसताच कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. घरगुती उपाय करत वेळ घालवू नका. उलटी करवू नका.

आणि एक गोष्ट शेतमालक असलेल्या वाचकांसाठी. विषबाधा झाली की ‘मजुरानेच काळजी घेतली नाही’ असे म्हणणे सोपे असते. पण रोजंदारीवर जगणाऱ्याने हातमोजे आणि चष्मा आणायचा कुठून? फवारणाऱ्याला योग्य संरक्षक कपडे असले पाहिजेत, असे १९७१ चे कीटकनाशक नियमही सांगतात. बियाण्याचा आणि खताचा हिशेब मांडतो, त्याच वहीत हातमोजे, मास्क, चष्मा आणि साबण यांचा खर्चही मांडायला हवा. पीक आपल्या घरी येणार असेल, तर विष मजुराच्या घरी जाऊ नये, हे पाहणे आपले काम आहे.