फेस काढू नका

या सदराचे वाचक जाणतात की लांबलचक याद्यांवर माझा विश्वास नाही, मग ती मिसळीच्या प्रकारांची असो की दिवाळी अंकांची. गेल्या आठवड्यात पुण्यातल्या एका नव्या बारमध्ये भिंतभर नळ दिसले. मेन्यूकार्डाची चार पानं नुसत्या ड्राफ्ट बिअरची. मी मागितलेल्या पहिल्या दोन्ही ‘संपल्यात सर’. तिसरी आली, तिला लोण्याचा वास. पोरगा भला होता. नळ्या कधी साफ होतात, असं विचारलं तर म्हणाला, ‘माणूस येतो सर, कधी ते नाही सांगता येणार.’

अमेरिकेत रॅली शहरात 2015 साली सुरू झालेल्या बिअर गार्डनमध्ये साडेतीनशेहून जास्त नळ होते. पण नळ लावणं सोपं, तो सांभाळणं अवघड. बिअर वाहणारी नळी दर 14 दिवसांनी धुवावी, असं तिथल्या ब्रूअर्स असोसिएशनचं सांगणं आहे. नाही धुतली तर आत जिवाणू वाढतात आणि मग लोण्याचा किंवा आंबूस वास येतो. पाश्चराइझ न केलेली बिअर केगमध्ये थंड ठेवूनही काही आठवडेच चांगली राहते. गिऱ्हाईक तेवढंच आणि नळ चौपट, म्हणजे प्रत्येक केग चौपट दिवस पडून राहणार.

उलट प्राग पाहा. तिथल्या ‘उ झ्लातेहो तिग्रा’ या पबची ख्याती एकाच बिअरवर उभी आहे, पिल्सनर उर्केल. लेखक बोहुमिल हराबल तिथे रोजचे, आणि 1994 साली चेक राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी बिल क्लिंटनना तिथेच नेलं. आलेली बिअर लगेच संपते, शिळी व्हायला वेळच मिळत नाही.

चेक लोकांचा विषय निघालाच आहे तर फेसाबद्दल बोललंच पाहिजे. त्या दिवशी शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ वेटरवर डाफरत होते, ‘दादा, फेस नको, ग्लास पूर्ण भरा!’ हे मी आपल्याकडे सगळीकडे ऐकतो आणि दर वेळी वाईट वाटतं. पोरगा बिचारा चमच्याने फेस काढून टाकतो. चेक पबमध्ये ग्लासावर तीन बोटं दाट, ओलसर फेस असतोच, आणि जवळजवळ फेसानेच भरलेला ग्लासही लोक मुद्दाम मागवतात. फेसात सुगंध असतो. तो खालच्या बिअरला हवा लागू देत नाही. आणि ओततानाच वायू सुटला की तो पोटात जात नाही. ‘बिअरने पोट फुगतं’ म्हणणाऱ्यांनी एकदा फेसासकट ओतलेली बिअर पिऊन पाहावी.

त्या गृहस्थांचा संशय मात्र मला समजतो. पैसे मोजायचे आणि माप कमी मिळायचं, हे कुणी का सोसावं? जर्मनीत यावर साधा कायदा आहे. ग्लासावर मापाची रेघ असते, बिअर तिथपर्यंत आणि फेस त्याच्या वर. आपल्याकडेही वैधमापन खात्याने अशी रेघ सक्तीची करावी. मग गिऱ्हाईक आणि बारवाला यांच्यातलं भांडणच मिटेल.

फेस आणखी एक गोष्ट सांगतो, ग्लास स्वच्छ आहे की नाही. तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला असेल तर फेस बघता बघता बसतो आणि बुडबुडे आतून काचेला चिकटून राहतात. चकलीच्या तेलकट ओठांनीही तेच होतं, तेव्हा आधी ओठ पुसा. पण ग्लास टेबलावर येतानाच काचेला बुडबुडे चिकटलेले दिसले, तर निःसंकोच ग्लास बदलून मागा. नळ चार असोत की चाळीस, धुतलेला ग्लास हा आपला हक्क आहे, आणि आपण मागितल्याशिवाय तो मिळणार नाही.