रंग जपावा, पण कुठवर?

मराठी घरांना कव्हरांचे प्रेम फार. जून महिना उजाडला की शाळेच्या पुस्तकांना खाकी कव्हरे चढतात. एके काळी टीव्हीला सरकती दारे असत, टेलिफोनवर भरतकाम केलेला रुमाल असे, फ्रिजच्या डोक्यावर झालरीचे आच्छादन असे. शिलाई मशीन, मिक्सर, सोफा यांपैकी कुणालाही उघड्याने राहायची मुभा नव्हती. रिमोटवरचे प्लास्टिक आतल्या बटणांवरचे आकडे पुसून गेले तरी निघत नाही, आणि नव्या गाडीच्या सीटवरचे कारखान्यातून आलेले प्लास्टिक कित्येक घरांत दोन उन्हाळे सहज टिकते. या सवयीला हसणे सोपे आहे. मला मात्र तिच्यात कष्टाच्या पैशाची कदर दिसते. जी वस्तू घ्यायला चार वर्षे पैसे साठवले, ती चार महिन्यांत जुनी दिसू नये, असे वाटण्यात गैर काय?

कव्हरांच्या या कुळात अलीकडे एक नवे कव्हर दाखल झाले आहे. मोटारीच्या रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. दुकानदार तिला ‘पीपीएफ’ म्हणतात. जुनी कव्हरे वस्तू जपत, पण झाकूनही टाकत. हे कव्हर लावले तरी दिसत नाही, गाडीचा रंग तसाच झळकत राहतो. हल्ली नवी गाडी ठरवताना विमा, नोंदणी, अॅक्सेसरीज अशी यादी पुढे येते, तिच्यात शेवटची ओळ या फिल्मची असते. लहान गाडीला साधारण साठ-सत्तर हजारांपासून सुरुवात, मोठ्या गाडीला दीड-दोन लाखांपर्यंत मजल. दहा लाखांच्या गाडीला लाखाचे कव्हर! घरात चर्चा झाली नाही तरच नवल.

माझे मत आधीच सांगून टाकतो. फिल्म ही चांगली वस्तू आहे. पण संपूर्ण गाडी तिच्यात गुंडाळणे बहुतेक कुटुंबांना गरजेचे नाही. आणि गाडीच्या रंगावर लाख रुपये घालण्याआधी त्याच गाडीत बसणाऱ्या माणसांवरचे खर्च उरकलेले असावेत. आता हे का, ते पाहू.

आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो, तो एक थर नसतो. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर बसतो. सगळा सांगाडा रसायनाच्या हौदात बुडवून, वीजप्रवाह सोडून तो चढवला जातो. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सर्वांत वर चकाकी देणारा पारदर्शक लेप. हे सगळे मिळून जाडी किती? साधारण १०० ते १५० मायक्रॉन. म्हणजे माणसाच्या डोक्यावरच्या एक-दोन केसांएवढी! त्यातही ऊन, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा सोसणारा वरचा लेप जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा. आपली सगळी चकाकी या पापुद्र्यावर उभी असते.

फिल्म लावणाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे, तो सांगायलाच हवा. कारखान्यात रंग चढतो तेव्हा गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. त्यामुळे तो रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजून पक्का करता येतो. पुढे गॅरेजमध्ये दरवाजा पुन्हा रंगवायचा, तर गाडीत रबर, प्लास्टिक, वायरी सगळे बसलेले असते. तिथे एवढी आच देता येत नाही. चांगला कारागीर रंग हुबेहूब जुळवतो, पण कारखान्यातला मूळ रंग एकदा गेला की गेला. तो जपावासा वाटणे यात म्हणूनच शहाणपण आहे.

या फिल्मचा जन्म मात्र हौसेपोटी झालेला नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या फिरत्या पात्यांच्या कडा वाळू आणि बारीक खड्यांनी झिजून जात. त्या वाचवण्यासाठी थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनची चिकटपट्टी तयार केली. पुढे ती शर्यतीच्या मोटारींच्या नाकाडावर आली आणि तिथून सामान्य गाड्यांवर. ही जन्मकथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. जिथे मार बसतो तिथे, पात्याच्या कडेला, पट्टी लावलेली होती. सबंध हेलिकॉप्टर कुणी गुंडाळले नव्हते.

आजची चांगली फिल्म टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची असते, जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन. म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगथरांपेक्षाही जाड. पुढच्या डंपरमधून उडालेला खडा तिच्यावर आदळला की मार ती स्वतः झेलते. वरच्या लेपाला बारीक ओरखडे आले तर उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उबेने ते पुसट होऊन नाहीसे होतात. दुकानात पितळी ब्रशने घासून, वर गरम पाणी ओतून हा चमत्कार दाखवतात, आणि तो खोटा नसतो.

पण चमत्काराची मर्यादा दुकानात कुणी दाखवत नाही. किल्लीने मुद्दाम ओढलेली रेघ फिल्म फाडून आत जाते, ती उन्हाने मिटत नाही. रिक्षा घासून गेली तर पत्रा चेपायचा तो चेपतोच. पक्ष्याची विष्ठा उन्हात दिवसभर राहिली तर डाग फिल्मवर पडतो. दसऱ्याला बॉनेटवर काढलेले ओल्या हळदकुंकवाचे स्वस्तिक संध्याकाळी पुसून घ्यावेच लागते, फिल्म असो वा नसो. फिल्मला आयुष्यही असते. साधारणपणे पाच ते दहा वर्षांची हमी देतात, त्यानंतर ती काढावी लागते. हलक्या प्रतीची, विशेषतः पीव्हीसीची फिल्म उन्हाने कडक होते, पिवळी पडते. आपल्याकडे खपतात सर्वाधिक पांढऱ्या गाड्या, आणि पिवळेपणा सर्वांत उठून दिसतो तोही पांढऱ्यावरच! ‘सिरॅमिक कोटिंग’ हा प्रकार आणखी वेगळा. तो काही मायक्रॉनचा लेप आहे. पाणी आणि मळ त्यावर ठरत नाही, धुणे सोपे जाते, पण खडा तो अडवू शकत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करून विकणारे कमी नाहीत.

माझ्या भाचीने परवा पहिली गाडी ठरवली. विक्रेत्याने तिला पूर्ण गाडीच्या फिल्मचा भाव सांगितला आणि वर म्हणाला, ‘‘मॅडम, गाडी दहा वर्षं नवीच राहील.’’ तिने मला फोन केला. ‘‘मामा, लावू का रे?’’

मी विचारले, ‘‘गाडी जाणार कुठे कुठे?’’

‘‘रोज ऑफिस, आणि महिन्यातून एकदा सासरी, चिपळूणला.’’

मी तिला म्हटले, मग पुढून लाव, बाकीची गाडी वापर.

हे ‘पुढून’ म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो. खडे समोरून येतात. बॉनेटची पुढची कड, पुढचे दोन फेंडर, आरशांच्या पाठी इथे त्यांचा मारा असतो. मार सर्वांत जास्त बंपर खातो, पण तो प्लास्टिकचा, त्याला गंज येत नाही. बॉनेट बहुतेक गाड्यांत पोलादी. तिथला टवका तळच्या थरापर्यंत गेला की पावसाळ्यात आणि कोकणच्या खाऱ्या हवेत गंज धरायला वेळ लागत नाही. म्हणून बॉनेटचा मान पहिला. याशिवाय रोजच्या वापराने घासणाऱ्या जागा आहेत. दरवाजाच्या मुठीमागची वाटी, जिथे नखे आणि अंगठ्या लागतात. दरवाजाच्या कडा, ज्या शेजारच्या गाडीवर आपटतात. पाय ठेवून चढायचा उंबरठा, जिथे मुलांचे बूट घासतात. आणि डिकीची कड, जिच्यावरून तांदळाची पोती आणि आंब्याच्या पेट्या ओढल्या जातात. एवढ्याच जागा झाकल्या तर खर्च पूर्ण गाडीच्या मानाने बराच कमी होतो, आणि नुकसानीचा मोठा भाग टळतो. छताला आणि मागच्या दरवाजांना खडे मारायला कोण येते?

ज्यांची गाडी गडद रंगाची आणि महाग आहे, ज्यांना रोज घाटातून खडीच्या ट्रकांमागे जावे लागते, त्यांनी पूर्ण गाडीला लावली तर माझी तक्रार नाही. हौसेला मोल नसते, हेही खरे. फक्त ‘विकताना पैसे वसूल होतील’ या भरवशावर लावू नये. जुनी गाडी घेणारा किलोमीटर पाहतो, सर्व्हिसचे कागद पाहतो, अपघात झाला होता का ते पाहतो. रंग मूळचा असला तर त्याला आनंद होतो, पण फिल्मचे लाख रुपये तो वेगळे मोजून देत नाही.

लावायचीच असेल तर चार गोष्टी पाहाव्यात. फिल्म टीपीयूची आहे हे बिलावर लिहून घ्यावे. हमी कंपनीची की दुकानाची, आणि तिच्यात पिवळे पडणे, तडकणे, सुटणे हे सारे येते का, ते कागदावर घ्यावे. जागा धूळविरहित आहे का ते स्वतः जाऊन पाहावे. फिल्म गाडीच्या मापाने यंत्रावर कापतात की गाडीवरच पाते चालवतात, हे विचारावे, कारण हात घसरला तर ज्या रंगासाठी खटाटोप केला त्यालाच चीर पडते. आधी पुन्हा रंगवलेला भाग असेल तर तो न लपवता सांगावा. फिल्म काढताना असा रंग तिच्याबरोबर निघून येऊ शकतो. लावल्यावर पहिला आठवडाभर गाडी धुऊ नये, आणि पुढेही जोरदार फवाऱ्याची नळी कडांजवळ धरू नये.

आता एका माणसाविषयी बोलायला हवे, ज्याचा विचार या व्यवहारात कुणी करत नाही. पहाटे पाचला एक बादली आणि एक फडके घेऊन सोसायटीतल्या वीस गाड्या पुसणारा मुलगा. गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या गोल रेघा दिसतात, त्यांतल्या बऱ्याच या फडक्याच्या असतात. धूळ बसलेल्या पत्र्यावर कोरडे किंवा मळके फडके फिरवणे म्हणजे बारीक सँडपेपर फिरवणे. त्यात दोष त्या मुलाचा नाही. वीस गाड्यांना एक बादली पाणी आपण देतो आणि महिन्याच्या पैशात घासाघीस आपण करतो. त्याला आपल्या गाडीपुरते दोन स्वच्छ मायक्रोफायबरचे कपडे द्यावेत, आधी पाणी ओतून धूळ उतरवायला सांगावे आणि त्यासाठी महिन्याला शे-दोनशे जास्त द्यावेत. रंग जपण्याचा याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

आणि आता शेवटचा, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता, आणि त्यांतले ८,३३१ हे चालक नव्हते, तर नुसते बसलेले प्रवासी होते. म्हणजे कुणाचे आईवडील, कुणाची बायको, कुणाची मुले. मागच्या सीटवरही बेल्ट बंधनकारक आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्टने किंवा बालआसनाने सुरक्षित न बसवल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या कायद्यातच आहे. तरीही ज्या गाडीवर लाखाची फिल्म चढलेली असते, त्याच गाडीत दोन वर्षांचे बाळ पुढच्या सीटवर आजीच्या मांडीवर बसलेले मी नेहमी पाहतो. मागचे बेल्ट सीटकव्हराखाली गाडले गेलेले असतात. हे कव्हर किती महाग पडू शकते, याचा हिशेब कुणी मांडत नाही. बालआसन काही हजारांत येते. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा झिजली की टायर कायद्यानेही बाद होतो. लहान गाडीला चार नवे टायर पूर्ण फिल्मच्या निम्म्याहून कमी पैशांत बसतात. पावसाळ्यात घाटात ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे थांबेल हे टायर ठरवतात, रंग नाही.

म्हणून माझा क्रम असा. आधी बालआसन, मग मागचे बेल्ट सीटकव्हराखालून बाहेर काढणे, मग टायर, मग पुसणाऱ्या मुलाचे फडके, आणि पैसे उरले तर बॉनेटवर फिल्म. त्यानंतरही एखाद्या दिवशी शेजारच्या चिंगीची सायकल दरवाजाला घासेल. फिल्म असो वा नसो, त्या वेळी तिला आधी ‘‘लागलं नाही ना गं?’’ असे विचारावे. दरवाजा मागाहून पाहता येतो.