वालधुनीकाठच्या श्वासांचा हिशेब कोण ठेवणार?

मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या संशोधनातून साकारलेल्या रक्ताच्या कर्करोगावरील स्वदेशी पेशी-उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. महाराष्ट्राला त्याचा अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. पण याच मुंबईपासून लोकलने तास-दीड तासावर असलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या औद्योगिक पट्ट्यात किती जणांना कोणता कर्करोग होतो, किती जणांची फुप्फुसे निकामी होतात, या साध्या प्रश्नाचे उत्तर शासनाकडे आहे काय?

शके ९८२ चा शिलालेख मिरवणारे अंबरनाथचे शिवालय ज्या वालधुनीच्या काठी उभे आहे, त्या नदीचे सांडपाण्याच्या नाल्यात रूपांतर झाले. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरात याच पात्रात ओतलेल्या रसायनांतून विषारी वायू पसरला. शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. नदीच्या हानीचे मोल ठरले; माणसांच्या हानीचे काय? गुदमरलेला माणूस चार दिवसांत घरी परततो. कर्करोग मात्र दहा-वीस वर्षांनी दार ठोठावतो, आणि तेव्हा मागचा दुवा दाखवणारा कागदच हाती नसतो.

अशा वेळी हमखास विचारले जाते, पुरावा काय? युक्तिवाद मोठा सोयीचा आहे. मोजायचे नाही, आणि मोजमाप नाही म्हणून रोगही नाही! मुंबईची कर्करोग नोंदवही १९६३ मध्ये सुरू झाली. पण तिच्यात गणना होते ती बृहन्मुंबईच्या रहिवाशांची. बदलापूरचा रुग्ण परळला उपचार घेऊनही त्या गणनेबाहेरच राहतो.

भारतीय कर्करोग संशोधनाचे प्रवर्तक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतराच्या काचामुळे कमरेवर होणारा कर्करोग जगापुढे मांडला. रुग्णाच्या राहणीत रोगाचे मूळ शोधण्याची ती दृष्टी आज कोठे हरवली?

जपानमध्ये जिंझू नदीकाठच्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊन मोडत. खाणीतून नदीत आणि तेथून भातशेतीत उतरलेले कॅडमियम त्याच्या मुळाशी असल्याचे तेथील शासनाने १९६८ मध्ये मान्य केले. प्रयोगशाळेत हाडांच्या ऊती घडवण्याचे विज्ञान आज वेगाने पुढे जात आहे, हे स्वागतार्हच. परंतु नदीत काय सोडले जाते ते पाहायचे नाही आणि नवे हाड घडवण्यात धन्यता मानायची, हे शहाणपण नव्हे.

वायुप्रदूषण कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ मध्येच जाहीर केले. म्हणूनच या तिन्ही शहरांच्या रहिवाशांची स्वतंत्र कर्करोग नोंदवही, कामगारांची नियमित फुप्फुस-तपासणी आणि नदीच्या गाळातील जड धातूंचे जाहीर मोजमाप, या किमान मागण्या आहेत. त्यांना ना नवा शोध लागतो, ना परदेशी तंत्रज्ञान. लागते ती केवळ इच्छाशक्ती. जे राज्य आपल्या रुग्णांची साधी मोजदाद करीत नाही, त्याला त्यांच्या उपचाराची बढाई मारण्याचा अधिकार उरत नाही.