सोड्याची गोटी

दिवाळीची झाडलोट निघाली की आमच्या घरात पहिली संक्रांत येते ती माझ्या बाटल्यांवर. "अहो, बाटलीवाला खाली ओरडतोय, बोलावू का वर?" असे सौ. विचारतात आणि मी कपाटाला पाठ लावून उभा राहतो. सोड्याच्या एकतीस बाटल्या, त्याही रिकाम्या! नव्या पाहुण्यांना वाटते, म्हातारा तरुणपणी निराळाच असावा.

पण वाचकहो, बाटली रिकामी असली तरी मुकी नसते. काचेवर साच्याची बारीक शिवण असते, तिच्यावरून बोट फिरवावे. ती ओठापाशी पोचण्याआधीच विरली, तर बाटलीचे तोंड कारागिराच्या हातचे. थेट ओठावरून गेली, तर बाटली यंत्राची. असे यंत्र अमेरिकेत मायकेल ओवेन्सने १९०३ च्या सुमारास चालवून दाखवले. मग बूड पाहावे. जुन्या बाटलीचे बूड फरशीवर घासून पांढुरके झालेले असते. कालपरवा घडवून जुनी म्हणून विकायला ठेवलेली बाटली तिथेच पकडली जाते. माझ्याकडच्या एकीचे बूड तर अंड्यासारखे गोल आहे, ती उभी राहतच नाही. ती आडवीच ठेवायची, म्हणजे बूच ओले राहते, आकसत नाही आणि वायू निसटत नाही.

माझा खरा जीव मात्र गोटीच्या बाटलीवर. हिराम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली तिचे पेटंट घेतले. बाटली उलटी धरून भरायची. मग सुलटी केली तरी आतला वायूच गोटीला तोंडातल्या रबरी कड्यावर दाबून धरतो. ओतताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून गळ्याला खळगे. पुण्यात अर्देशर यांचा सोडा १८८४ साली सुरू झाला, मुंबईत दिनशॉजी पांडोळे यांचा ड्यूक १८८९ साली. अशा बाटल्यांच्या काचेवर कारखान्याचे नाव उठवलेले असे, कारण विकला जाई तो सोडा. बाटली मोजून परत द्यायची.

ही मोजणी नऊ वर्षांच्या मला ठाऊक नव्हती. गिरगावात आमच्या चाळीखाली एक दुकान होते. 'सोडा फोडणे' म्हणजे तो उघडणे. मी शब्दशः अर्थ घेतला. मे महिन्यातल्या एका दुपारी मागच्या गल्लीत बाटली आपटली आणि हिरवी गोटी खिशात घातली. (विलायतेतली पोरेही हेच करीत.) संध्याकाळी एक बाटली कमी भरली. दुकानातला पोऱ्या माझ्याहून दोनतीन वर्षांनीच मोठा असेल. त्याच्या पगारातून पैसे कापले गेले. जिन्यावर उभा राहून मी सारे ऐकत होतो, मूठ खिशात. बोललो नाही. पुढे दिवाळीनंतर तो दुकानात दिसला नाही. गोटी तर मी आठ दिवसांतच खेळात हरलो होतो.

गेल्या श्रावणात चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, त्याच दुकानात येणाऱ्या सोड्याचे नाव असलेली बाटली दिसली. शिवण पाहिली नाही, बूड पाहिले नाही. मागितली ती किंमत दिली. घरी शंभर रुपये सांगितले. खरा आकडा इथे छापणार नाही, हा अंक सौ. आधी वाचतात.

काल नातू ती बाटली उजेडात धरून खुळखुळवीत होता.

"आजोबा, गोटी बाहेर कशी काढायची?"

"निघत नाही ती," मी म्हणालो आणि बाटली वरच्या फळीवर ठेवली.